वाऱ्याला ठेवलेलं पिंप

माझा नवरा रविराज चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. यूट्यूबवर काहीतरी बघून त्याने कळशीएवढं ओकच्या लाकडाचं पिंप मागवलं. लाकूड फुगून फटी मिटाव्यात म्हणून आधी ते पाण्याने भरून ठेवलं, मग त्यात व्हिस्कीच्या बाटल्या ओतल्या. लाकडात मुरली की साधी व्हिस्कीही भारी होते म्हणे. मी लोणचं मुरवते तेव्हा मात्र हाच माणूस वास येतो म्हणून नाक मुरडतो.

माझा जीव सासऱ्यांसाठी खालीवर होत होता. आबांनी एकेकाळी दारूपायी घराची पार लाज घालवली होती. माझी तेजल जन्मली त्या दिवशी त्यांनी दारू सोडली, ती सोडलीच. तेजल आता चौथीत आहे. अशा माणसाच्या घरात दारू मुरवत ठेवायची? मी कडाकडा भांडले.

"माझा आबांवर विश्वास आहे. तुझाच नाहीये," रविराज म्हणाला. हे मला फार झोंबलं.

मग तो महिनाभराच्या ट्रेनिंगला चेन्नईला गेला. ऐन मे महिना. पिंप स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. आबांची हयात गावाकडे हवेशीर कांदाचाळीत कांदा साठवण्यात गेलेली. एका सकाळी त्यांनी पिंप उचलून बाल्कनीत नेलं आणि दोन विटांवर ठेवलं.

"कोंदट जागंत माल सडतो, पोरी. खालनं वारा खेळाया पायजे."

बुचाला त्यांनी बोटही लावलं नाही, मी समोरच होते. पोराच्या नादाला म्हातारा हातभार लावतोय याचं मला उलट कौतुक वाटलं. बाल्कनीत वास यायचा, पण दारूच्या पिंपाला दुसरा कसला वास येणार?

रविराज परतला. पिंप उचलून पाहिलं तर निम्मं हलकं. मला एका शब्दाने न विचारता तो टीव्ही बघत बसलेल्या आबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, फुंका."

त्याच्या कंपनीच्या गेटवर ट्रक ड्रायव्हरांना असंच फुंकायला लावतात. आबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. तेजल शेजारीच जेवत होती. ते उठले, लेकाच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि फुंकले.

"वास नाहीये," रविराज म्हणाला. "आज घेतली नसेल."

मला असा संताप आला की मी त्याला दंडाला धरून बाल्कनीत नेलं. उन्हावाऱ्याने पिंपाच्या फळ्या आकसल्या होत्या. फटींतून झिरपलेली दारू विटांनी पिऊन टाकली होती, त्या काळ्या पडल्या होत्या. रविराजने विटेवर बोट फिरवून हुंगलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आबा, सॉरी. माझा गैरसमज झाला."

"व्हतं आसं. जागा मीच चुकीची धरली," आबा म्हणाले.

उरलेली दारू त्याने मोरीत ओतली, पिंप भंगारवाल्याला दिलं. त्याला वाटलं, विषय संपला.

आबा रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर गप्पा मारायला जातात. आता परत आले की आत पाऊल टाकत नाहीत. दारातच उभे राहून लेकाला हाक मारतात. तो येईपर्यंत चप्पलही काढत नाहीत. "आबा, नका ना असं करू," म्हणत तो रडकुंडीला येतो.

"हुंगून घे, रवी," आबा म्हणतात. "मंग घरात येतो."