उलटा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे; बसायचा नव्हे, सुतारकामाचा. सध्या एका कपड्यांच्या दुकानात माझ्यावर अत्तराच्या बाटल्या मांडल्या आहेत आणि मध्यभागी पाटी आहे, 'कृपया हात लावू नये'. जन्मभर हातोड्याचे घाव खाल्लेल्याला हा मान! हसू येतं, आणि रागही येतो.

आधी मी शाळेतल्या एका वर्गाचं दार होतो. सुताराची मुलगी डाव्या हातानं लिहायची, म्हणून बाई तिला वर्गाबाहेर उभं करायच्या. ती मला टेकून उभी राहायची. कुणी आलं की डावा हात झटकन पाठीमागे न्यायची, चोरी पकडल्यासारखा. पुढे शाळा पाडली, तेव्हा तिचे वडील दारं आणि छताच्या तुळया उचलून घेऊन आले. एकेक खिळा उपटला, रंधा मारला आणि मला घडवलं. लाकूड घट्ट धरणारा शिकंजा सुतार बाकाच्या डाव्या टोकाला बसवतात. त्यांनी तो उजव्या टोकाला बसवला.

शेजारचा लोहार म्हणाला, "मिस्त्री, चष्मा बदला आता. उलटा झाला की हो हा."

"मला उलटा. पोरीला सरळ," एवढंच बोलून ते भुसा झाडू लागले.

वीस वर्षं तिनं माझ्यावर दारं, खिडक्या, पाळणे केले. पटाशी घसरली की घाव मला बसायचा, तिचा हात वाचायचा. "बाईमाणूस असून काय काम करते," असं लोक म्हणायचे. कौतुकातही खोच असायचीच. ती मनावर घ्यायची नाही.

मग वडील गेले. ती एका दवाखान्याची दारं बसवायला परगावी गेली होती, तेवढ्यात धाकट्या भावानं कारखाना रिकामा केला. एका घरात वाढला, पण बहीण कुठल्या हातानं काम करते हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला या दुकानाच्या मालकाला विकताना म्हणाला, "शेवटी शेवटी बाबांना दिसत नसावं. उलटाच करून ठेवलाय. ताईला चांगला सरळ आणून देईन मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाकाचं कोण ऐकतो? दुकानात माझा शिकंजा काढून भंगारात टाकला, घाव घासून काढले आणि वर चकाकी चढवली.

मित्रांनो, कुणाची वस्तू उचलण्याआधी ती कुणाच्या हाताची आहे, एवढं तरी विचारत जा. माझ्या वेळी कुणी विचारलं नाही.

काल ती मला शोधत दुकानात आली. उजव्या टोकाला शिकंजाची भोकं तेवढी उरली आहेत, त्यांवरून तिनं डाव्या हाताची बोटं फिरवली.

विक्रेती मुलगी अदबीनं म्हणाली, "मॅडम, हात नका ना लावू."

तिनं हात झटकन पाठीमागे नेला.