कडुलिंबाची धुरी

वडिवळ्याच्या वरच्या वाडीत मानमोडीचा ताप शिरला, तेव्हापासून सावित्राबाईनं एकच औषध धरलं होतं: कडुलिंबाच्या पाल्याची धुरी. घागरीला धुरी, अंथरुणाला धुरी, दारात आलेल्या माणसालाही धुरी. बिचारा खोकत खोकत परत जायचा. तरी तिची सून येसू गेलीच. त्याला तीन दिवस झाले होते, आणि येसूची वीस दिवसांची चिंगी भाताच्या पेजेवर कशीबशी तगून होती. तिच्या रडण्याची सावित्राबाईला धास्ती वाटे, आणि रडणं थांबलं की त्याहून जास्त.

सगळी भिस्त गाभण शेळीवर, बांडीवर होती. वाडीत दुभती शेळी एकही उरली नव्हती.

दुपारी बांडी व्याली. एकच करडू झालं. ती त्याला चाटायला वळली, तेवढ्यात सावित्राबाईनं ते उचलून घरात नेलं, राख चोळून कोरडं केलं आणि धुरीवर चांगलं शेकलं. घरात लेकरू आहे, रोगराई नको. बाई मोठी शहाणी! शेळी बाहेर ओरडत राहिली. तोवर बांडीची वार, करडामागून येणारी झिल्ली, पडली. कुत्र्यांनी ओढू नये म्हणून सावित्राबाईच्या लेकानं, नवसूनं, ती परड्यात पुरून टाकली.

मग करडू आईपुढं ठेवलं. बांडीनं हुंगलं आणि अशी ढुशी दिली की ते कुडावर जाऊन आपटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी. नवसूनं तिला दाबून धरून सड पिळले, तर दोन थेंब आले.

"आये, ही पान्हा चोरतीया. करडाला घेतल्याबिगर सोडायची न्हाई. चिंगीला काय पाजू मी?"

घरातून चिंगीचा आवाज येत नव्हता. सावित्राबाईनं करडू नाकाशी धरलं. नुसता धूर.

"माजंच चुकलं रं. वळखंल कशी ती? वार कुटं पुरलीस?"

तिनं हातांनीच माती उकरली. ती वार करडाच्या डोक्याला, पाठीला, शेपटीखाली चोळली आणि ते पुढं केलं. बांडी हुंगत राहिली. किती वेळ! एवढ्यानं भागलं नाही तर दुसरा उपाय नव्हता. मग शेळीच्या गळ्यातून हलका, घोगरा आवाज निघाला आणि ती करडाला चाटायला लागली.

करडू लुचलं, पान्हा फुटला. नवसूनं वाटीभर काढून घेतलं. चिंगीनं दुधात भिजवलेला बोळा आधी तोंडातून बाहेर ढकलला, मग चोखू लागली.

"जगली पोर," नवसू म्हणाला आणि मटकन खाली बसून रडला.

सावित्राबाईला मात्र कुडापलीकडची येसू ऐकू येत होती. शेवटच्या दिवशी तापानं फणफणलेली ती दिवसभर एकच म्हणत होती, "आत्याबाई, येक डाव पोरीची टाळू हुंगू द्या." सावित्राबाईनं पोर दिली नव्हती. निखाऱ्यावर आणखी पाला टाकला होता.

तिनं चिंगीच्या टाळूला नाक लावलं. धुराशिवाय कसलाच वास आला नाही.