गालावरचा शेक

दोघी जावा एकाच लाँड्रीत राबत. तिथं कुणाचं काही दुखलं की थोरलीचं औषध ठरलेलं असे, इस्त्रीच्या प्रेसमधून निघालेल्या गरम टॉवेलची घडी. पाठ असो, गुडघा असो, शेकायचं आणि कामाला लागायचं. धाकटीची दाढ ठणकू लागली तेव्हाही थोरलीनं तेच केलं. दातासाठी सुट्टी मागितली असती तर मुकादमानं वेड्यात काढलं असतं. सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे, तेही ऐन कामाच्या वेळी.

शेकून शेकून गाल टम्म फुगला, मग सूज गळ्याकडे उतरली. धाकटीला तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. तिचे घाबरे डोळे पाहून थोरलीनं हातातली टॉवेलची घडी टाकली. आपल्या हातून भलतंच तर घडलं नाही ना?

चौकातल्या दातांच्या दवाखान्याचे पांढरे कोट लाँड्रीतल्या याच बायका इस्त्री करत आणि मागच्या दारानं पोचवत. आज थोरली धाकटीचा दंड धरून पुढच्या दारानं घुसली. काउंटरवरची मुलगी अपॉइंटमेंट विचारत राहिली. गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि धाकटीची मान पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"शेक दिलात?"

"मीच दिला. वाचेल ना हो ती?"

"आत पू झालाय, शेकानं सूज वाढते. आता श्वास अडकेल तिचा. मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं, आत्ताच! इतके दिवस थांबलात कशाला?"

"दातासाठी आम्ही कुठं जायचं, बाई? तुमच्याकडे आमचं येणं कोट द्यायलाच."

 डॉक्टरीणबाईंनी स्वतःची गाडी काढली.

ऑपरेशन चाललं होतं तोवर थोरली बाहेर बाकावर बसून होती. मीच मारलं तिला, एवढंच पुटपुटत होती.

"चूक तुमच्या एकटीची नाही," शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाताचं दुखणं हे दुखणंच नव्हे, असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलंय. तुमच्या मुकादमानं, सरकारनं आणि मीसुद्धा. तुम्ही रोज येत होतात, पण कुणाचा दात दुखतो का, हे मी कधी विचारलं नाही."

धाकटी वाचली!

ती घरी आल्यावर थोरलीनं मुकादमाला बजावलं, सगळ्यांची तोंडं तपासल्याशिवाय प्रेस सुरू होणार नाही. डॉक्टरीणबाई पेटी घेऊन लाँड्रीत आल्या, पण खुर्चीवर बसायला कुणी धजेना. शेवटी थोरली बसली आणि भीतभीतच तिनं तोंड उघडलं. आतल्या दाढा किडून पोखरल्या होत्या. कित्येक वर्षं ती एकाच बाजूनं जेवत होती आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता.

वाचकहो, दातांवरचे उपचार ही चैन नव्हे, तो प्रत्येकाचा हक्क आहे. तुमच्या घरी, कारखान्यात राबणाऱ्या माणसाला एकदा विचारा, दात दुखतो का? आणि हो म्हणाला, तर त्याला त्याच दिवशी सुट्टी द्या.