घोरणारा लॅपटॉप

मुटकुळी जगात एकाच ठिकाणी झोपायची: बाबाच्या छातीवर. पाळण्यात ठेवली की डोळे टक्क उघडे, गादीवर ठेवली की भोकाड. कापडी झोळीत घालून छातीशी बांधली की मात्र गुडुप.

बाबा एका तिकीटविक्रीच्या वेबसाइटचे सर्व्हर सांभाळायचा आणि त्या साइटसाठी कोडही लिहायचा. बायकोची रजा संपली, ती कामावर जायला लागली, आणि दिवसा घरून काम करता करता लेक सांभाळायची पाळी याच्यावर आली. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती लॅपटॉपबद्दल. तो मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या याव्यात एवढा दांडगा. त्यात पुढे लेक बांधलेली, त्यामुळे कीबोर्डपर्यंत हात पोचवताना बाबा पोहणाऱ्या बेडकासारखा दिसायचा. एकदा तो साहेबांना निरोप लिहीत असताना मुटकुळीने झोपेतच टाच मारली, एंटर दाबलं गेलं आणि ‘मला वाटतं तुम्ही’ एवढंच साहेबांकडे जाऊन पोचलं. साहेब संध्याकाळपर्यंत विचारत होते, “मी काय?”

मग मात्र तो नवा लॅपटॉप घ्यायला निघालाच. सोबत मुटकुळी, अर्थातच बांधलेली, आणि मुटकुळीची आत्या. आत्या ग्रंथपाल होती. नुसत्या नजरेने माणसं गप्प करण्यात तिचा हातखंडा, म्हणून तर तिला आणलं होतं.

दुकानातली विक्रेती लगबगीने पुढे आली. “या सर! कशासाठी हवाय? गेम? ऑफिस?”

“कोडिंगला. आणि सर्व्हरच्या कामाला,” बाबा कुजबुजला. “लहान हवा. एका हातावर पेलला पाहिजे. रॅम भरपूर, पण कळा खडखडणाऱ्या नकोत. आणि पंखा तर मुळीच नको.”

“पंखा?”

“गरम झाला की आवाज करतो ना आतला. ही उठेल.”

विक्रेतीने झोळीतून डोकावणारी टाळू पाहिली आणि “अगंबाई!” म्हणाली, जरा मोठ्यानेच. आत्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिथून पुढे सगळं दुकान कुजबुजत बोलायला लागलं.

पहिला लॅपटॉप वहीएवढा होता. बाबा हरखला. पण चार ओळी लिहून पाहतो तर महिरपी कंस काही सापडेना. शेवटी सापडला, तीन कळा एकदम दाबल्यावर.

“मी दिवसभरात पाणी कमी पितो आणि कंस जास्त लिहितो,” तो म्हणाला. “हा नको.”

दुसरा थोडा मोठा, पण हलका. कंस जागच्या जागी. बाबाने त्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला, नुसताच उगाच आकडेमोड करत बसणारा, लॅपटॉपला घाम फोडण्यासाठी. थोड्या वेळाने लॅपटॉपच्या पोटातून ‘घुर्रर्र’ असा आवाज यायला लागला.

“छे! हा तर घोरतो.” त्याने तो तसाच काउंटरच्या टोकाला सारला.

तिसऱ्याला पंखाच नव्हता. देखणा, पातळ, साधा हूं की चूं नाही. “हाच!” बाबाने आत्याला खूण केली. दुकानाच्या या बाजूला अगदी चिडीचूप शांतता होती. आणि त्या शांततेत मुटकुळीने डोळे उघडले.

मग जे भोकाड पसरलं, ते शेजारच्या दुकानातली माणसं बघायला आली. बाबाने थोपटलं, झुलवलं, बेसूर अंगाई म्हटली. आत्याने आपली ती नजर वापरून पाहिली. मुटकुळीने ती जशीच्या तशी परत केली. लेकीला छातीशी घट्ट धरून बाबा येरझाऱ्या घालत काउंटरच्या टोकाशी पोचला, आणि रडणं मध्येच तुटलं.

तो वळला. रडणं सुरू. पुन्हा टोकाशी गेला. बंद.

तिथे मघाचा तो लॅपटॉप अजून घोरत होता. प्रोग्राम थांबवायचा राहूनच गेला होता.

“बंद करते हं सर,” विक्रेती म्हणाली. “सगळेच तक्रार करतात याच्या—”

“हात लावू नका!” बाबा आणि आत्या एकदम ओरडले.

मुटकुळी ढिम्म हलली नाही. जांभई देऊन तिने गाल बाबाच्या छातीवर टेकवला.

हा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटून त्याने बायकोला फोन लावला. ती दातांची डॉक्टर. फोन काउंटरवरच्या लॅपटॉपजवळ धरून त्याने विचारलं, “हा आवाज ओळखीचा वाटतो का गं?”

ती हसत सुटली. “अरे, ही तर आमची नळी! तोंडातलं पाणी ओढणारी! मुटकुळी पोटात असताना दिवसभर हेच तर ऐकत होती.” मागून कुणीतरी ‘आँ’ असं म्हणालं. खुर्चीतल्या पेशंटलाही ते पटलं असावं.

घोरणारा लॅपटॉप घरी आला. पण तो फुकट घोरत नसे. त्याला जड काम द्यावं लागे. तेव्हा मुटकुळी चुळबुळली की बाबा कोडच्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्या चालवायचा. या चाचण्या एरवी तो ‘उद्या बघू’ म्हणून ढकलायचा. त्यामुळे झालं असं, की त्याच्या चुका गिऱ्हाइकांच्या आधी त्यालाच दिसू लागल्या.

“हल्ली तुमचं काम फार चोख असतं,” साहेब एकदा मीटिंगमध्ये म्हणाले. “कुठली पद्धत वापरता?”

“लेकीला झोपवतो, सर.”

साहेबांनी मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं.

मुटकुळी आता गादीवर झोपते, हातपाय ऐसपैस पसरून, कसल्याही आवाजाविना. पंचाईत झाली आहे ती बाबाची. चाचण्या सुरू झाल्या, पंखा घुरघुरला की त्याच्याच डोळ्यांवर झापड येते, तोच घोरायला लागतो, आणि मग घरी आलेली आत्या त्याच्याकडे नुसती बघते.