खंडेनवमीचा फ्रीजर

मोरिवलीच्या एमआयडीसीत, साबणाच्या आणि रंगाच्या कारखान्यांच्या मधोमध, एका गाळ्यात राजेंद्र सरांची लॅब होती. माणसाच्या शरीरात असतं असं एक प्रोटीन तिथे जिवाणूंकडून बनवून घेत. औषध नव्हे, कुप्यांवर ठळक लिहिलेलं असे, 'फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी'. बदलापूर गावातून येणाऱ्या अस्मिताने त्यावर दोन वर्षं डोकं फोडलं होतं. या प्रोटीनने पेशी वाढतात, पण ते इतकं नाजूक की जरा ऊब लागली की नासलंच. अखेर यंदा ते जमलं आणि हैदराबादच्या एका संस्थेने पहिली मोठी ऑर्डर दिली. दसरा झाला की माल जायचा होता. तोवर सगळ्या कुप्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये होत्या.

झाडलोट आणि राखण महिपतीकाकांकडे. अंबरनाथच्या एका वर्कशॉपात त्यांनी उभा जन्म लेथवर काढला; ते बंद पडलं, तेव्हा साठीला टेकलेल्या माणसाला दुसरं कोण ठेवणार? राजेंद्र सरांनी ठेवलं, आणि ठेवल्याचं ऐकवायची एकही संधी सोडली नाही. अस्मिताने काकांना आल्याआल्या बजावलं होतं, या फ्रीजरचं दार उघडायचं नाही, आत माणसाचं प्रोटीन आहे. तेव्हापासून देवळासमोरून जावं तसे काका त्या फ्रीजरसमोरून जात.

खंडेनवमीला अस्मिता सुट्टीवर होती. सर गावाहून काकांना फोनवर म्हणाले, सगळ्या मशिनींची पूजा नीट करा, एकही राहता कामा नये. काकांना हे सांगायची गरजच नव्हती. वर्कशॉपात त्या दिवशी यंत्र चालवणं म्हणजे पाप. पुसायचं, तेल द्यायचं, बंद ठेवायचं आणि दसऱ्याला मुहूर्तावर पुन्हा सुरू करायचं. काकांनी एकेक यंत्र बंद केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. फ्रीजरही बंद केला. दाराला मात्र हात लावला तो फक्त कुंकवाच्या बोटाने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नारळ फोडून बटण दाबलं आणि समाधानाने घरी गेले. फ्रीजर बंद असला तरी आतली थंडी कमी झाली की त्याचा भोंगा वाजायला हवा होता, पण भोंग्याची बॅटरी कधीचीच संपली होती. नवी आणा, असं सरांना सांगून सांगून अस्मिता थकली होती.

सुट्टी संपवून ती आली तेव्हा फ्रीजरवरचा आकडा पुन्हा उणे ऐंशी होता. दार उघडलं तर खोक्यांखाली पाणी साचून गोठलेलं, लेबलांवरची शाई पसरलेली. तिने काकांना विचारलं.

ते शाबासकीची वाट बघत असल्यासारखे म्हणाले, "सगल्यांना विश्रांती दिली, ताई. बिचारा रातदिस चालू असतो. पन दार नाय उघडला मी."

तिने एका कुपीतलं प्रोटीन पेशींवर टाकून पाहिलं. पेशी वाढल्याच नाहीत.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि माल पाठवून दे म्हणाले. "कोणाला टोचायचंय का ते? त्यांचा प्रयोग फसला, तर त्यांना वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. तू गप्प बसलीस तर म्हातारा राहील. नाहीतर मला त्याला काढावं लागेल. तूच ठरव."

बॅटरीचं नाव त्यांनी काढलं नाही. तिने काढलं, तेव्हा ते मोबाइलमध्ये बघू लागले.

अस्मिताला रडू येत होतं आणि संतापही; सरांचा, काकांचा, त्या मेल्या झेंडूच्या माळेचा. काकांच्या घरी त्यांची बायको गंगूकाकू गुडघे धरून बसलेली, दुसरी कमाई नाही. आणि तिकडे हैदराबादला कुणीतरी तिच्यासारखीच पोरगी हे नासलेलं पाणी महिनोन्महिने पेशींवर टाकत बसणार, स्वतःलाच मूर्ख म्हणत. अस्मिताने तसे महिने काढले होते. तिने संस्थेला फोन करून माल खराब झाल्याचं सांगितलं. सरांनी त्याच दुपारी काकांना कामावरून काढलं.

काका निरोप घ्यायला आले तेव्हा ती कुप्या एकेक करून ब्लीचच्या बादलीत रिकाम्या करत होती. ते दारातच थांबले.

"माझ्या हातून मेलं ना ते, ताई?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मानसाचंच होतं ना?"

ते जिवाणूंनी बनवलेलं आहे, त्यात कुणी माणूस नाही, ते मरत नाही, नासतं, हे सगळं तिला सांगता आलं असतं. जीभ रेटेना. "हो, काका," ती म्हणाली.

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, बादलीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर पडले. गेटजवळच्या नळाशी त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, चूळ भरली, स्मशानातून आलेला माणूस करतो तसं. अस्मिता खिडकीतून बघत होती. मग चपला घालून, मागे वळून न बघता, ते घरच्या वाटेला लागले.