विसण

भैरूआबा दौंडच्या रेल्वे क्वार्टरात राहायला आला तो मनाविरुद्धच. बायको बानूबाई गेल्यावर न्हावऱ्याच्या घरात भाकरी थापायला कोणी उरलं नव्हतं, आणि लोकोशेडात कामाला असलेल्या ज्ञानदेवानं बापाचं काही चालू दिलं नाही.

नव्या सुनेला, सोजरला, नावं ठेवायला जागा नव्हती. खोट निघाली ती आंघोळीच्या बादलीत. सोजर आधी नळाचं गार पाणी घ्यायची आणि वरून स्टोवरचं कढत पाणी ओतायची. जगाची रीत याच्या उलटी: आधी ऊन पाणी, मग त्यात गार विसण. गारात ऊन ओततात ते मयताच्या आंघोळीला. बानूबाई जन्मभर नवऱ्याच्या पाण्यात विसण घालायची आणि तो "बास" म्हणेपर्यंत थांबायची नाही. तिच्यासाठी शेवटी बायांनी पाणी उलटं कालवलं, तेव्हा आबाला बघवलं नव्हतं.

सुनेनं आपल्याला जिवंतपणीच तिरडीवर घातलं, असं म्हाताऱ्यानं धरलं. बोलला मात्र नाही, नुसता कुढत राहिला. बाहत्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली होती, हट्ट तेवढा शाबूत होता. एका सकाळी ज्ञानदेव कामावर गेला आणि आबानं घोंगडं खांद्यावर टाकलं.

"मामा, कुठं निघालात? पानी काढलंय."

"मयताचं पानी ठिव तुलाच! मी जिता हाय अजून."

"कसलं मयताचं, मामा?" सोजरनं विचारलं.

"गारात ऊन कुनासाठी ओत्यात, म्हाईत न्हाई व्हय? आयनं काय शिकवलं तुला?"

"आयच्या टायमालाच बगितलं," सोजर हळूच म्हणाली. "ती गेली तवा मी लहान हुते. बाया तिचं पानी कालवत हुत्या, मी दारात उभी हुते. म्होरं आमच्या घरात कुनी पानी तापवलंच न्हाई. बा आन् मी हिरीवर जायचो. मला वाटलं, असंच करत्यात."

आबाला भडभडून आलं. असल्या वेळी काय बोलायचं ते बानूबाईला ठाऊक असायचं, त्याला कधी जमलं नव्हतं. त्यानं घोंगडं खुंटीला अडकवलं, मोरीत जाऊन बादलीत हात घातला. पाणी बेताचं ऊन होतं. आधी कुठलं ओतलं, ते हाताला काही कळत नव्हतं. त्यानं पहिला तांब्या डोक्यावर घेतला.

"सोजर," त्यानं आतूनच हाक मारली, "तुझ्या आयचं नाव काय गं?"

सोजर मोरीच्या दाराशी आली.

"गिताबाई," ती म्हणाली. "आजवर कुनी इचारलंच न्हाई, मामा."