तिसऱ्यांदा विचारलं तर

माझी बायको आर्डिस गेली हे मला कळलं तेव्हा माझ्या हातात कागदी रुमालात गुंडाळलेला दालचिनीचा अर्धा रोल होता. तो मी तिच्यासाठी वर आणला होता.

त्या सकाळी तीच म्हणाली होती, "व्हर्लिन, खाली जाऊन कॉफी पी. तुझं हे तोंड बघत पडले तर मी काही बरी व्हायची नाही." दुखणं हृदयाचं होतं, पण डॉक्टर दोन-तीन दिवसांत घरी सोडू म्हणाले होते. मी कोट खुर्चीवर टाकला. फोन कोटातच राहिला.

खाली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एक म्हातारा एकटाच बसला होता. मी सत्तरीचा आहे, तो ऐंशीच्या बराच पुढचा. डोक्यावर बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळते तसली टोपी. मी कॉफी घेऊन निघालो तर म्हणाला, "यंदा थंडी लवकर येणार. खारी बघितल्यात का, कसल्या जाडजूड झाल्यात?"

"बघितल्या," मी म्हणालो. एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण मी थांबलो.

हे थांबणं आर्डिसचं. दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर कुणी अनोळखी म्हातारं माणूस बोलायला लागलं की ती हातातली पिशवी खाली ठेवायची. पिशवी खाली ठेवली की मी समजायचो, आता लवकर सुटका नाही. मी गाडीत बसून कुरकुरायचो. आइस्क्रीम वितळलं म्हणायचो. ती म्हणायची, "आइस्क्रीम परत गोठतं. त्या बाईशी सकाळपासून कुणी बोललं नसेल." पुढे मीही थांबायला लागलो. आधी तिच्याबरोबर, मग एकटा असलो तरी.

"बस ना पोरा," म्हातारा म्हणाला. मला पोरा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे मला हसू आलं. त्याच्यापुढे रोल होता, त्याला हात लावलेला नव्हता. "अर्धा घे."

"नको नको, तुम्ही खा."

"अरे घे. मला एवढा जात नाही."

"नको, खरंच."

"ते काही नाही, अर्धा तुझा." त्यानं सुरीनं रोल कापलासुद्धा.

आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे समोरचा मनापासून विचारतोय असं समजायचं आणि घ्यायचं. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर माणूस दुखावतो. मी बसलो. आणि एखाद्याचं खायला घेतल्यावर लगेच उठून जाता येत नाही. तो तुकडा आर्डिसला नेऊ म्हणून मी रुमालात गुंडाळून ठेवला. तिला दालचिनी आवडायची.

त्याचं नाव मर्टन एकलंड. बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन चाललं होतं, हे त्यानं एकदाच सांगितलं; मीही आर्डिसच्या हृदयाचं एकदाच सांगितलं. बाकी सगळं ट्रॅक्टरबद्दल, रस्त्याच्या कामाबद्दल, तळ्यात मासे का मिळत नाहीत त्याबद्दल. मुलगा ॲरिझोनात असतो, तिकडे बर्फ उपसावा लागत नाही म्हणून माज आलाय, असं म्हणाला. बोलताना कप सारखा फिरवत होता. मी एकदा "बरं, मग" म्हणत, आता निघतो अशा अर्थानं मांडीवर थाप मारली. त्यावर त्यानं ट्रॅक्टर विकल्याची हकीकत काढली. मी उभा राहिलो, तर तोही उभा राहिला आणि आम्ही उभ्यानं बोललो. दारापाशी पुन्हा बोललो. आमच्याकडे निरोप असाच घेतात. मध्येच पाठ फिरवता येत नाही, त्यातून म्हाताऱ्या माणसाकडे तर नाहीच.

वर गेलो तर आर्डिसच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. नर्स बाहेर आली आणि तिनं माझ्या दंडाला धरलं.

"एकाएकी झालं," ती म्हणाली. "तुम्हाला विचारत होत्या. मी बाहेरच्या बाकांवर बघून आले. फोन लावला, तर तो इथेच वाजला."

मी तिला रोल दाखवला आणि म्हणालो, "खाली होतो."

दफन आमच्या गावात झालं. ते हॉस्पिटलच्या गावापासून लांब आहे. शेजारणींनी एवढी भांडी भरून जेवण आणलं की फ्रिजचं दार लागेना. आमच्या गावात सगळ्यांना कळलं. मर्टन दुसऱ्या गावचा, त्याला कळायचं कारण नव्हतं.

मग बर्फ पडायच्या थोडं आधी मी तालुक्याच्या मोठ्या दुकानात गेलो होतो. बटाट्यांपाशी मागून आवाज आला, "काय रे पोरा! सांगितलं नव्हतं तुला, खारींना कळतं म्हणून?" तोच होता. टोपीही तीच. "माझी लव्हॉन चालायला लागली. तुझी बायको कशी आहे?"

"वाईट नाही," मी म्हणालो.

कुणी कसा आहेस विचारलं की आम्ही असंच म्हणतो. पाय मोडलेला माणूसही वाईट नाही म्हणतो. तोंडाला सवय असते. शब्द निघून गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो. तोपर्यंत तो "छान, छान" म्हणून दुधाच्या भावावर गेला होता. जाताना म्हणाला, "दोघं एकदा जेवायला या." मी म्हणालो, "नको, कशाला त्रास." हे पहिल्यांदा.

घरी येताना मी गाडीत मोठ्यानं बोलून बघितलं. "ती गेली, मर्टन." एवढंच तर वाक्य आहे. पण त्यावर तो विचारणार, कधी? आमच्याकडे मरणाची बातमी ऐकून आधी हेच विचारतात. आणि कधी ते सांगितलं की त्याला सगळं समजेल. रोल आठवेल, ट्रॅक्टर आठवेल, दारातलं बोलणं आठवेल. खोटा दिवस सांगायचा तर आर्डिसच्या मरणाबद्दल खोटं बोलावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं होत नाही.

त्याचा मला रागही येतो. पुढच्या वेळी तो लांबून दिसला तेव्हा मी सामानाचा गाडा दुसऱ्या रांगेत वळवला. पण तो आपली काठी टेकत तिकडून आला, मला शोधतच आला. "पळतोस कुठे? तुझ्या तोंडावरून वाटत नाही, पण ऐकून घेणारा माणूस आहेस तू." आणि पुन्हा जेवायचं काढलं. मी पुन्हा नको म्हणालो. तो हवामानाबद्दल बोलत राहिला आणि मी हातातली पिशवी खाली ठेवून ऐकत राहिलो.

गेल्या आठवड्यात त्याच्याबरोबर लव्हॉन होती. चाकांचा वॉकर ढकलत आली. बाई ठेंगणी, नजर तेज.

"हाच तो," मर्टन म्हणाला.

तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही त्या दिवशी ह्यांच्याजवळ बसलात ना? मला भूल द्यायला नेलं तेव्हा हे पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, मी वाचेन, पण हा माणूस खाली बसल्या जागी जाईल."

"काहीतरी बडबडू नकोस," मर्टन म्हणाला. "आम्ही ट्रॅक्टरबद्दल बोलत होतो."

"साठ वर्षं ऐकतेय त्या ट्रॅक्टरबद्दल. दुसरं कुणी बसलं नसतं." ती मला म्हणाली, "रविवारी दोघं जेवायला या. ह्यांना मी दोनदा विचारायला लावलं होतं. आता मी विचारतेय."

ते तिसऱ्यांदा होतं. मर्टन टोपी काढून उभा होता. मी तोंड उघडलं. त्या क्षणी सांगता आलं असतं, पण तिच्या हातांत माझा हात होता आणि ती हसत होती.

"येईन," मी म्हणालो.

"येईन काय, या दोघं," मर्टन म्हणाला. "बायकोला लपवून ठेवलंय ह्यानं, लव्हॉन. दिसायला चांगली असणार."

"चांगली आहे," मी म्हणालो.

लव्हॉननं विचारलं, "हृदयाचं दुखणं ना तिला? मग मीठ चालत नसेल. मी बटाटे अळणीच करते. ह्यांनाही बरंच आहे."

"तुम्ही कराल ते चालेल," मी म्हणालो. आमच्याकडे पाहुण्यानं असंच म्हणायचं असतं.

त्यांनी मला गाडीपर्यंत पोचवलं. मी काच खाली केली, तर मर्टन खिडकीवर हात ठेवून बराच वेळ थंडीबद्दल बोलला. मी इंजिन बंद केलं आणि ऐकलं.

उद्या रविवार. रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून मी दुकानातून ॲपल पाय आणून ठेवलाय. आर्डिस असती तर घरी केला असता. लव्हॉनचा सकाळी फोन आला होता. आर्डिसला पाठ टेकायला गादीची खुर्ची लागेल का, असं विचारत होती. मी म्हणालो, नको. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणालो, बरं, ठेवा.

त्यांच्या टेबलाला उद्या चार खुर्च्या असतील. आर्डिस गेली हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.